अकोल्याची निमी, अमरावतीची वैशाली

आमच्या घरात दिवसभर एकच आवाज असायचा, भांड्यांवर नाव टाकायच्या मशीनचा. राजापेठेत पुढं बाबांचं भांड्यांचं दुकान, त्याच्या मागं आमचं घर, आणि घराच्या मागं एक लांबट बोळ, ज्यात कोणाच्या तरी सायकली, कोणाच्या तरी गोवऱ्या आणि सगळ्यांच्या मांजरी असायच्या. लग्नसराईत तर मशीन थांबायचंच नाही. घर्रर्र, घर्रर्र. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांच्या दातांना हे वाचताना आत्ताही शिवशिवलं असेल. कोणी आंदण द्यायला पातेलं घेई, कोणी भाच्याच्या लग्नात द्यायला पाण्याचा गुंड घेई, आणि त्यावर ‘अमक्याकडून तमक्याला सप्रेम’ असं बाबा टाकून देत. टाकता टाकता गिऱ्हाइकाची इतकी चौकशी करत, मामा कोणता, मावशी कुठली, मुलगा काय करतो, की आई आतून ओरडायची, ‘नाव टाका अन् सोडा त्या मानसाले!’ पण बाबांचा स्वभावच तो. जगात काही चालू आहे आणि ते आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्यांना सहन व्हायची नाही. माझ्यात ते पुरेपूर उतरलं, आणि पुढं जे काही झालं ते आम्हा दोघांच्या चौकशीखोरपणामुळंच झालं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि शहराच्या बेसबॉलच्या संघात खेळत होते. आता कोणाला सांगितलं की अमरावतीत पोरी बेसबॉल खेळायच्या, तर लोक माझ्याकडं असं बघतात जणू मी म्हणाले की आम्ही बर्फावर घसरायचो. अहो, खेळायचो! कुठल्या तरी शिबिरात आमचे सर हा खेळ शिकून आले आणि कबड्डी-खोखोतल्या आम्हा पोरींना त्यांनी हातमोजे घालून उभं केलं. छाया तायडे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी राही. तिच्याजवळून चेंडू गेला असं मी कधी पाहिलं नाही. तिचे वडील शाळेत शिक्षक होते, आणि ती चेंडू अडवून अशी शांत उभी राही जणू फळा पुसून हात झटकतेय. शकीला मागं मैदानात. ती चेंडूच्या आधी पोचायची आणि वर बघत त्याची वाट पाहायची. आणि मी कॅचर, म्हणजे मारणारीच्या मागं उकिडवं बसून पिचरनं फेकलेला चेंडू झेलणारी. सगळं होतं आमच्याकडं, फक्त पिचर नव्हता. जी फेकायची तिचा चेंडू इतका सरळ आणि आज्ञाधारक यायचा, की समोरचे संघ त्याला मजेत कुटून काढायचे.

पिचर होता अकोल्याकडं. निमी. आदल्या वर्षी तिनं मला बॅट फिरवायला लावून लावून बाद केलं होतं. तिचा एक चेंडू सरळ, सणसणीत येई. दुसराही तसाच निघे, तसाच येई, आणि बॅटजवळ आला की पायरी चुकल्यासारखा खाली जाई. त्याला ‘ड्रॉप’ म्हणत. तो असा पडतो कसा, ह्या एका प्रश्नानं माझं डोकं वर्षभर कुरतडलं. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘बोटांचं काम असते.’ अरे, बोटांचं असते हे मलेही समजते, पण काय असते?

तर असं असताना माझ्या भावासाठी, विलासदादासाठी, स्थळ आलं अकोल्याचं. पोरगी पाहायला आम्ही सगळे गेलो. पोह्यांच्या बशा घेऊन पोरगी बाहेर आली, आणि माझ्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला. निमी! साडी नेसलेली, मान खाली घातलेली, पण तीच. आई तिची बोटं बघत होती, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांना शेंड्याजवळ घट्टे होते. ‘बोटाले काय झालं बाई?’ आईनं विचारलं. निमीची आई घाईनं म्हणाली, ‘लय काम करते आमची पोट्टी. धुनं-भांडे सारं तिच्यावरच.’ निमीनं हळूच डोळे वर केले आणि नेमके माझ्यावर टाकले. मी पोह्यात तोंड घातलं. सांगायला मी काय वेडी होते? माझ्या डोक्यात एकच गोष्ट नाचत होती: ही पोरगी आमच्या घरात आली, तर अमरावतीला पिचर भेटला! दादाला मुलगी पसंत पडली की नाही ते नंतर कळलं. मला तर जागच्या जागी पसंत होती.

लग्न उन्हाळ्यात झालं. परातीत तांदूळ पसरून दादानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, वैशाली. आईनंच निवडलं होतं. आमच्या घरी नाव बदलायची रीत होती, आणि आई रीतीची पक्की. दुसऱ्या दिवसापासून घरात निर्मला नव्हती, निमी तर नव्हतीच. ‘वैशाली, डाळ भिजवली काय वं?’ ‘वैशाली, हे पातोड्याचं वाटण पाय.’ बिचारीला पहिले काही दिवस हाक ऐकूच यायची नाही. आई तिसऱ्यांदा हाक मारायची तेव्हा ती दचकून ‘जी आत्याबाई’ म्हणायची. आई काही खाष्ट सासू नव्हती हं, उगाच तसं चित्र काढू नका. पहिली गरम पोळी सुनेच्या ताटात वाढणारी बाई होती ती. संध्याकाळी दादाला पिटाळून गिला वडा आणायला लावायची, कारण सुनेला आवडतो म्हणून. फक्त तिच्या डोक्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली होती. पोळपाट इथं, चाळणी तिथं, आणि सून घरात.

बिंग फोडलं मीच, जेवताना. आनंदाच्या भरात बोलून गेले, की वैनी अकोल्याची सगळ्यात भारी पिचर होती. आईचा घास थांबला. दादानं मान खाली घातली, म्हणजे त्याला ठाऊक होतं. पण बाबा! बाबांच्या डोळ्यांत तेच तेज आलं जे नवीन गिऱ्हाईक दिसल्यावर यायचं. त्या दिवसापासून रोज जेवताना सुनेची परीक्षा.

‘मले एक सांग वैशाली, चार बेस असतात म्हनते, अन् धावनारी चौथ्यावर येते तं तो पह्यलेचाच असते?’

‘हो मामाजी. जठून मारते, तठीच परत येते. त्याले होम म्हनतात.’

‘म्हंजे घरून निघाचं अन् घरीच याचं? मंग गुन कायचा भेटते?’

वहिनी वरण वाढता वाढता थांबली. ‘मधात कोनी बाद करू शकलं नाही ना मामाजी, त्याचा.’

बाबांना हे फार पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नियम दुकानात तीन गिऱ्हाइकांना ऐकवला. मग त्यांना कळलं की फेकणारीचे चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले तर मारणारीला पहिला बेस फुकट मिळतो, आणि मारणारी तीनदा हुकली की बाद. आणि सरांकडून जेव्हा कळलं की अमेरिकेत लोक ह्याच खेळावर पोट भरतात, शहराशहराचे संघ असतात आणि पिचरला पगार असतो, तेव्हा तर ते भाकर मोडायचे थांबले. ‘चेंडू फेकाचा पगार? अन् रजा भेटते काय?’ आई म्हणाली, ‘तुमी मशीनची रजा घ्या पह्यले, मंग त्याइची पाहा.’ हसलो सगळे. पण आई हसली नाही, हे मी पाहिलं.

दुपारी आई जेवून आडवी झाली की आम्ही दोघी बोळात. सायकली बाजूला, पदर कमरेला खोचलेला, आणि वहिनी चेंडू टाकायची. बोळ लांबीला थोडा कमी पडायचा, पण चालून जाई. माझ्या मोज्यात चेंडू असा आवाज करायचा, थप्प! की पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, ‘काय कुटून राहिल्या वं पोट्ट्या?’ आई जागी झाली तर? आणि तेवढ्यात दुकानातून आवाज आला, घर्रर्र. बाबांनी मशीन सुरू केलं होतं. दुपारी, उन्हात, जेव्हा राजापेठेत गिऱ्हाईक औषधालाही नसतं! थप्प, घर्रर्र. थप्प, घर्रर्र. आम्ही थांबलो की मशीनही थांबायचं. बाबांनी ह्याबद्दल एक शब्दही काढला नाही. फक्त दुकानातल्या एका फुटक्या परातीवर पुढं इतकी वेलबुट्टी झाली, की ती परात विकताही येईना आणि टाकवतही नव्हती.

मी रोज विचारायचे, ‘सांग ना वैनी, पडते कसा?’ बोळात ती माझी वहिनी नसायची, म्हणून मला नावानंच हाक मारायची. ‘कुंदे, तू पकडते ना? मंग पकड.’ एवढंच सांगायची, की बार्शीटाकळीजवळ मामाच्या शेतात ती लहानपणी पाखरं राखायची, ज्वारीवर बसलेले राघू उडवायला ढेकळं फेकायची, आणि हात तिथं तयार झाला. पुढं काही नाही. म्हणून मी बघायला लागले. कॅचरला दुसरं कामच काय? बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सरळ चेंडू टाकताना ती नुसती टाकायची. पण ड्रॉप टाकताना तिला पुढं पार वाकावं लागायचं, आणि वाकलं की मंगळसूत्र बाहेर येऊन हनुवटीवर आपटायचं. एकदा ओठ फुटला तेव्हापासून ती ड्रॉपच्या आधी, न चुकता, डाव्या हातानं मंगळसूत्र पोलक्यात खोचायची. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी हे कोणाला दिसलं नसतं, कारण तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्रच नव्हतं.

पावसाळा सरला आणि सर एक दिवस आमच्या घरी आले. सरळ आईला म्हणाले, ताई, तुमच्या सूनबाईंना आमच्याकडून खेळू द्या. अमरावती आणि अकोल्याची मॅच आहे, निवडीचे लोक येणार आहेत, पोरीचं नाव राज्याच्या संघात येईल. आईनं सरांना पोहे दिले, चहा दिला, आणि कप खाली ठेवायच्या आत निकालही दिला. ‘सर, तुमी मोठे मानूस. पन ह्या घराची सून मैदानात जानार नाही. माहेरी काय करते ते तिच्या मायबापानं पाहावं, सासरी नाही.’ सर गेले. वहिनी ओट्याजवळ पाठमोरी उभी होती, कणीक मळत. इतकी मळली, की त्या दिवशीच्या पोळ्या मऊसूत झाल्या होत्या, आणि कोणीच दुसरी घेतली नाही.

पण आईचा हुकूम म्हणजे बाबांच्या मशीननं टाकलेलं नाव. एकदा टाकलं की टाकलं. आणि त्या हुकमात एक भोक राहून गेलं होतं, ते आईच्या ध्यानात यायच्या आधी अकोल्यात पोचलं. पहिली दिवाळी माहेरी. मॅच दिवाळीनंतर लगेच. मॅच अकोल्यात! वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला, तेव्हा त्यानंच हसत विचारलं, ‘मावशी, तुमीच म्हनलं ना, माहेरी काय करते ते मायबापानं पाहावं? मंग खेळू का द्याचं इले, आमच्याकडून?’ आईचा चेहरा बघण्यासारखा होता. आपण स्वतःच्या तोंडानं अमरावतीचा पिचर उचलून अकोल्याला देऊन टाकला, हे तिला तिथं, चहाच्या ट्रेसमोर समजलं. बोललेलं परत घेईल तर ती माझी आई कसली! म्हणाली, ‘खेळू द्या. पन ते शेवटचं. परत आली की चेंडूले हात लावाचा नाही. बोल वैशाली, कबूल?’

‘कबूल आत्याबाई.’

बोळात ती मला हळू म्हणाली, ‘कुंदे, राज्याच्या संघात नाव आलं तं?’ मी म्हटलं, ‘मंग कोन नाही म्हनते? खेळाडूले नोकरी भेटते, पोलिसात, रेल्वेत.’ ती म्हणाली, ‘आत्याबाई म्हनतीन.’ आणि चेंडू माझ्या हातात देऊन आत गेली. आता सांगा, ज्या मॅचवर तिचं सगळं लटकलेलं, त्याच मॅचमध्ये समोर बॅट घेऊन कोण? मी. माझंही नाव निवडीला होतंच की.

लोक मला अजून विचारतात, तू मंगळसूत्राचं तुमच्या पोरींना सांगितलंस का? सांगितलं. का नाही सांगणार? खेळ म्हणजे काय हळदीकुंकू आहे? कॅचरनं डोळे कशासाठी उघडे ठेवायचे असतात? छायाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तिनं हात गळ्याकडं नेला की बॅट हलवायचीच नाही. बस.’

मॅचच्या दिवशी घरचे सगळे अकोल्यात हजर. सुनेला परत आणायला म्हणून आले होते. बाबांना मॅच पाहायचीच होती, आणि आई म्हणाली, विहीणबाईच्या घरी मी एकटी काय करू? म्हणून तीही दोरीजवळ सतरंजीवर येऊन बसली, शेजारी विहीणबाई, मध्ये भाजलेल्या शेंगांची पुडी. दादा मागं उभा, कोणाच्या बाजूनं टाळ्या वाजवाव्यात ह्या पेचात. निवडीचे दोघे पांढऱ्या टोप्या घालून खुर्च्यांवर. वहिनी पँट आणि टी-शर्टमध्ये आली तेव्हा आईनं मान फिरवली. अंपायरनं मंगळसूत्राकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘नवी नवरी हाय, राहू द्या.’ आणि सगळं मैदान ओरडायला लागलं, ‘निमे! निमे! दाखव अमरावतीले!’ आईनं विहीणबाईला विचारलं, ‘कोनाले आवाज देऊन राहिले हे?’ विहीणबाई म्हणाल्या, ‘तुमच्या सुनेले.’ आई शेंगा सोलत राहिली.

पहिले काही डाव वहिनीनं आम्हाला हलू दिलं नाही. पण आमचा नियम ठरलेला. हात गळ्याकडं गेला, की बॅट खांद्यावर. ड्रॉप मोहात पाडणारा चेंडू. मारला नाही तर तो चौकटीच्या खाली जातो आणि फुकट जातो. हळूहळू आमच्या पोरी फुकटात बेसवर जायला लागल्या. वहिनीला कळेना काय होतंय. ती ड्रॉप टाकायची आणि आम्ही पुतळ्यासारख्या उभ्या. मग नाइलाजानं सरळ टाकायची, आणि तो आम्ही हाणायचो. शेवटच्या डावात अकोला एका गुणानं पुढं होतं. आमच्या दोन पोरी बाद, तिसरी गेली की डाव संपला, पण तिन्ही बेसवर आमच्या पोरी उभ्या, तिसऱ्यावर शकीला. आणि बॅटला मी. मी मारला तर जिंकलो. मला फुकट बेस मिळाला तरी शकीला घरी येऊन बरोबरी. आणि मी हुकले, तर वहिनी जिंकली.

हात गळ्याकडं. सोडला. फुकट गेला. पुन्हा हात गळ्याकडं. सोडला. मग सरळ आला तो मी जोरात मारायला गेले, लागला पण बाहेर गेला, म्हणजे हुकल्यातच जमा. पुन्हा सरळ, अशी सणक की बॅट फिरेपर्यंत मागच्या पोरीच्या मोज्यात. पुन्हा हात गळ्याकडं, मी सोडला. आता तिला एकच चूक उरली होती आणि मलाही एकच. खुर्चीवरचा एक टोपीवाला दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होता आणि मान हलवत होता. तिनं चेंडू मोज्यात घोळवला, डावा हात वर गेला, गळ्याकडं गेला, आणि मी, मेली, हसले.

तो हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली, आपल्याच बोटांत धरलेल्या काळ्या मण्यांकडं पाहिलं. मला तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं, सगळी दुपार, सगळा बोळ. तिनं अंपायरला हात दाखवून खेळ थांबवला, मोजा खाली टाकला आणि चालत दोरीकडं गेली. सरळ आईसमोर. मान वाकवून तिनं मंगळसूत्र काढलं आणि पुढं केलं.

‘आत्याबाई, येवढं धरा.’

विहीणबाई किंचाळल्याच. ‘निमे! पागल झाली काय? भरल्या मैदानात गळ्यातलं काढते! सनासुदीचं!’ मागच्या बायकांची कुजबुज सुरू झाली. दादा पुढं आला, मागं गेला. वहिनी तशीच उभी, हात पुढं. आईनं तिच्याकडं पाहिलं. मग शेंगांची टरफलं मांडीवरून झटकली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मंगळसूत्र घेतलं. पदराखाली मुठीत धरलं आणि विहीणबाईला म्हणाली, ‘ओरडता कायले? ज्याच्या नावाचं हाय तो हा उभा हाय ढोल्यासारखा. अन् हे माह्या हातात हाय. कोठी गेलं?’

वहिनी परत आली. मोजा घातला. मी बॅट उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळेना की काय येणार. गळा मोकळा होता. हात कुठंच गेला नाही. आणि तेवढ्यात दोरीकडून एक आवाज आला, जो मी जन्मापासून ऐकत होते, जेवायला बोलावणारा, मांजर हाकलणारा. ‘निमे! टाक वं माय! टाक!’

चेंडू सरळ निघाला, सरळ आला. मी म्हटलं, सरळ आहे. मी सगळ्या अंगानं बॅट फिरवली. आणि तो पायरी उतरला.

अकोल्याच्या पोरींनी तिला उचललं. मी बॅट आपटत दोरीजवळ गेले. आई उभी होती, पदराखाली मूठ तशीच, आणि डोळ्यांत पाणी. मला इतका राग आला! ‘आई, मी तुही पोरगी हाय! तू तिले ओरडून राहिली?’ आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी साधंच विचारलंय. ‘तुले कोनं थांबवलं वं? तू उद्याही खेळशीन. तिचं आजच होतं.’ मी तोंड फिरवून रडले. हरले म्हणून रडले, दुसरं काही नाही. छायानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘हसलीस कायले, गधडे?’

निवडीत नाव आलं तिचं. माझं नाही, छायाचं आलं. आता मी आणि वहिनी संध्याकाळी बसून मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅच बघतो. एवढाले दाढीवाले पिचर, अन् गळ्यात सोन्याच्या साखळ्या लोंबतात त्यांच्या. वहिनीचा जीव त्यांच्या साखळीवरच. कोणी फेकताना ती शर्टात टाकली, की ओरडते, ‘सोडून दे, मारू नको, ड्रॉप हाय!’ बहुतेक वेळा तिचं चुकतं.

पण मला सांगायचं आहे ते परतीचं. संध्याकाळची एसटी. आई आणि वहिनी पुढच्या बाकावर, मी आणि बाबा मागच्या, दादा उभा. मंगळसूत्र परत गळ्यात होतं, आईनं स्वतःच घातलं होतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा आईनं खिडकीतून संत्री घेतली. एक सोलायला घेतलं आणि थांबली. हातातलं संत्रं तिनं फिरवून पाहिलं.

‘निमे, तो चेंडू खाली पडते कसा वं?’

मी बाकाच्या दांड्यावरून पुढं वाकले. जो प्रश्न मी उन्हाळ्यापासून विचारत होते! वहिनीनं संत्रं घेतलं, दोन बोटं वर ठेवली, अंगठा खाली. ‘ढेकूळ धरतो ना आपन, आत्याबाई, पाखरं उडवाले? काळ्या मातीचं, कोरडं. दाबून धरलं तं हातातच फुटते. तसं धराचं. फुटू द्याचं नाही. अन् सोडतानी बोटं वरून खाली घासत आनाची.’ आईनं संत्रं परत घेतलं. तिची बोटं आपोआप जागेवर बसली, अगदी तशीच, दोन वर, अंगठा खाली. ‘हं,’ ती म्हणाली. ‘मीबी राखली ना वं पाखरं. पाच वर्षं.’ मग तिनं ते सोललं, आणि अर्धं वहिनीला दिलं, अर्धं मागं माझ्या हातात.

गाडी सुटली. बऱ्याच वेळानं आई मान न वळवता बोलली, मोठ्यानं, म्हणजे मागच्या बाकाला ऐकू जाईल असं.

‘उद्यापासून बोळात खेळसान तं खेळा. पन तुमी ते मशीन बंद ठेवत जा. दुपारभर घर्रघर्र, घर्रघर्र. कान बसले माहे.’

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले.